महामार्ग बांधकामातील गुणस्वीकृतीची जोखीम आणि देयक

रस्त्याचा प्रत्येक भाग तपासता येत नाही. म्हणून थराचा एक टप्पा, म्हणजे लॉट, ठरवून त्यातल्या मोजक्या नमुन्यांवरून सगळे काम स्वीकारायचे, नाकारायचे की कमी दराने घ्यायचे, हे ठरते. त्यात दोन प्रकारे चूक होऊ शकते. चांगले काम योगायोगाने नापास झाले तर ती कंत्राटदाराची जोखीम. निकृष्ट काम पास झाले तर ती काम करवून घेणाऱ्या सरकारी खात्याची, आणि शेवटी त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांची. नमुने तेवढेच ठेवून निकष कडक केला की पहिली जोखीम वाढते, सैल केला की दुसरी. दोन्ही एकदम कमी करायच्या तर नमुने वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न मातीच्या भरावापासूनच सुरू होतो. गोदावरीच्या खोऱ्यात काळी माती खोल आहे, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात जमीन उथळ आणि मुरमाड. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकानुसार मुक्त फुगवटा निर्देशांक (माती पाण्याने किती फुगते याचे माप) ५० टक्क्यांहून जास्त असलेली माती भरावात चालत नाही, त्यामुळे मुरूम बाहेरून आणावा लागतो. एका खाणीचा मुरूम संपून दुसरीचा सुरू झाला की लॉटही बदलला पाहिजे. दोन्ही एकत्र मोजले तर सरासरीला काही अर्थ उरत नाही. उन्हाळ्यात दबाईसाठी लागणारा ओलावा टँकरच्या पाण्यावर अवलंबून असतो. तो कमी-जास्त झाला की घनताही ठिकठिकाणी वेगळी येते.

याच चढउताराची दखल मंत्रालयाच्या मानकात आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सबग्रेडला, म्हणजे भरावाच्या सगळ्यात वरच्या मातीच्या थराला, प्रयोगशाळेतील कमाल शुष्क घनतेच्या (त्याच मातीची दाबून मिळणारी, पाणी वगळून मोजलेली सर्वाधिक घनता) ९७ टक्के घनता लागते, पण सरासरी ९७ आली की काम पास, असे नाही. नमुन्यांच्या प्रमाण विचलनाला (त्यांच्यातील चढउताराचे माप) १.६५ वजा (१.६५ भागिले नमुनासंख्येचे वर्गमूळ) या संख्येने गुणून येईल तेवढी सरासरी ९७ च्या वर असावी लागते. दहा नमुन्यांसाठी ही संख्या सुमारे १.१३ आहे. विचलन १ टक्का असेल तर सरासरी ९८.१ हवी, २ टक्के असेल तर ९९.३. एकसारखे काम करणाऱ्याला कमी सरासरीवरही स्वीकृती मिळते, आणि ते न्याय्यच आहे.

तरीही पास-नापास या निकालात सीमेजवळच्या लॉटवर अन्याय होतो. केसभर कमी भरलेला थर उखडायचा आणि केसभर जास्त भरलेल्याचे पूर्ण पैसे द्यायचे, असे घडते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते चाचणीत काळजीपूर्वक केलेल्या बांधकामातही अपेक्षेपेक्षा मोठा चढउतार दिसला. पुढे तिथे श्रेणीबद्ध देयकाची, म्हणजे दर्जानुसार कमी-जास्त रक्कम देण्याची, पद्धत रुजली. तिचे एक प्रचलित सूत्र असे: देयकाची टक्केवारी = ५५ + ०.५ × मर्यादेत बसणाऱ्या कामाचे प्रमाण. प्रमाण ९० टक्के असेल तर पूर्ण १०० टक्के रक्कम, ८० असेल तर ९५, आणि सगळेच मर्यादेत असेल तर १०५.

या वरच्या ५ टक्क्यांकडे बक्षीस म्हणून पाहिले जाते, ते चूक आहे. खरोखर ९० टक्के दर्जाचे काम करणाऱ्याचे नमुने कधी ८५ दाखवतील, कधी ९५. देयक १०० वरच अडवले तर खालच्या वेळी कपात होते, वरच्या वेळी काहीच मिळत नाही. म्हणजे ठरलेला दर्जा देऊनही सरासरीने पैसे कमीच हाती पडतात. असा तोटा ओळखणारा कंत्राटदार निविदेतच दर चढवून ठेवतो. मात्र श्रेणीबद्ध देयकालाही नकाराची खालची मर्यादा हवीच, नाहीतर कपात सोसून निकृष्ट काम खपवण्याची वाट मोकळी होते.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खाते वापरते त्या बी-१ नमुन्याच्या करारात कमी दराने देयक देण्याची तरतूद आहे. पण दर किती कमी, हे अभियंत्याच्या विवेकावर सोडलेले असते. आधी जाहीर केलेले सूत्र नसेल तर एकाच दर्जाच्या कामाला बीडमध्ये एक कपात आणि हिंगोलीत दुसरी, असे होऊ शकते, आणि वाद वाढला की धावते बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने मिळणारे देयक) अडकते. हायब्रिड ॲन्युइटी या सरकारी-खासगी भागीदारीच्या पद्धतीत मात्र रस्ता बांधणाऱ्या कंपनीला प्रकल्पखर्चाची ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली साधारण १५ वर्षांत हप्त्यांनी मिळते. देखभालही त्याच कंपनीकडे असल्याने तपासणीत निसटलेल्या निकृष्ट कामाचा काही भार तिच्यावरच परततो.