'पाणि' आणि 'मी ठेवेल': शुद्धलेखनाची चूक कुठली, व्याकरणाची कुठली?

आमची सोसायटी सिंहगड रस्त्यावर. दोनशेच्या आसपास फ्लॅट, त्यामुळे शेजारच्या विंगमधला माणूस लिफ्टमध्ये भेटला तरी ओळख पटत नाही. ओळख काय ती व्हॉट्सॲप ग्रुपवर. मागच्या बुधवारी तिथे पंप बघणाऱ्या मामांनी लिहिलं: 'उद्या गुरुवार पाणि येणार नाहि. सगळ्यानी भरून ठेवा.'

चार मिनिटांत उत्तर आलं. 'पाणि म्हणजे हात. पाणिग्रहणातला. उद्या हात येणार नाही का? आधी व्याकरण शिका. मराठी टिकवायची असेल तर कृपया आमची मदत करा.'

बी विंगमधला एक तरुण मामांच्या बाजूनं मध्ये पडला: 'सर, त्यांना वेळ नसतो. पुढच्या वेळी नोटीस टाकण्याआधी मी लक्ष ठेवेल.' मग काय, 'ठेवेल' की 'ठेवीन' यावर रात्री साडेअकरापर्यंत रणकंदन.

मी मुद्रितं तपासून पोट भरतो, त्यामुळे अशा वेळी हात शिवशिवतात. पण त्या रात्री मला ऱ्हस्वदीर्घापेक्षा एक शब्द जास्त खटकत होता: व्याकरण. मामांच्या त्या नोटिशीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

शुद्धलेखन आणि व्याकरण ही जोडी आपण शाळेपासून एका दमात म्हणतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. वेगळी करायची सोपी युक्ती आहे. वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला चूक कळलीच नाही, तर ती शुद्धलेखनाची. त्याचा कान अडखळला, तर व्याकरणाची शंका घ्यायला जागा आहे. मामांची नोटीस वाचून बघा. 'पाणि' आणि 'पाणी' मराठी तोंडातून सारखंच बाहेर पडतं, कारण शब्दाच्या शेवटची इ आपण लांबच उच्चारतो. 'सगळ्यानी'वरचा टिंब राहिला, तोही घाईच्या बोलण्यात कुणाला ऐकू येत नाही. वाक्याची ठेवण, क्रियापद, नकार, सगळं जागच्या जागी.

शुद्धलेखन हा ठराव आहे. माणसांनी बसून केलेला, तारीख असलेला. आज आपण पाळतो ते नियम मराठी साहित्य महामंडळाचे: १९६२ साली चौदा आले, १९७२ साली आणखी चार, एकूण अठरा. शासनानंही ते स्वीकारले. त्याआधीची पत्रं काढून बघा. माझ्या आजोबांच्या कार्डांवर 'नांव', 'पांच', 'तें घर', 'मीं केलें' असंच आहे, आणि तेव्हा ते बिनचूक होतं. न उच्चारले जाणारे ते टिंब नियमांनी काढले आणि एका पिढीचं शुद्ध दुसऱ्या पिढीला अशुद्ध झालं. मजा अशी की त्यातल्या काही टिंबांना व्याकरणाचा आधार होता, 'तें'वरचा टिंब नपुंसकलिंग दाखवायचा. टिंब गेला, नपुंसकलिंग कुठेही गेलं नाही. लिहायची रीत बदलली म्हणून भाषेचं यंत्र बदलत नाही.

आता ते 'पाणिग्रहण'. टोमणा झकास होता, पण नियमाला धरून नव्हता. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत सुटे लिहिताना दीर्घ करायचे, असं नियमच सांगतो: कवि नव्हे, कवी, बुद्धि नव्हे, बुद्धी. समासात पहिलं पद झाले की ते ऱ्हस्व राहतात: कविराज, बुद्धिवैभव. म्हणजे हात या अर्थाचा शब्दही मराठीत सुटा लिहिला तर 'पाणी'च, दुसरी वेलांटी. 'पाणिग्रहणा'त तेवढी पहिली. मामांची वेलांटी चुकली होती हे खरं, पण ती चूक काढणाऱ्याला नियम अर्धाच ठाऊक होता. (हे मी ग्रुपवर लिहून खोडलं. आगीत तेल कशाला.)

व्याकरण याच्या उलट. त्याचा ठराव कुणी केला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं. दोघांनीही लोक आधीपासून जे बोलत होते त्याचे नियम शोधले. हे नियम तीन-चार वर्षांच्या पोरालाही येतात. ते म्हणतं, 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, श्रीखंड खाल्लं.' खाणारा तोच, पण क्रियापद ताटातल्या वस्तूच्या तालावर नाचतं. तेच पोर 'मी छत्री विसरली' म्हणत नाही. मुलगा असेल तर 'विसरलो' म्हणतं, छत्रीला विचारतसुद्धा नाही. यातला पहिला कर्मणी प्रयोग आणि दुसरा कर्तरी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला अजून 'छत्री' लिहितासुद्धा येत नाही.

म्हणून मराठी घरात वाढलेल्या माणसाला 'व्याकरण शिका' म्हणणं मला चमत्कारिक वाटतं. वेलांट्या शाळेनं शिकवल्या, आणि शाळा ज्याची जेवढी झाली तेवढ्या त्याला आल्या. व्याकरण त्याला आईनं दिलेलं असतं.

मग व्याकरणाची चूक होतच नाही का? होते. त्या संध्याकाळी एक झालीही होती, आणि ती दुरुस्ती करणाऱ्याच्याच मेसेजमध्ये होती. 'आमची मदत करा.' वाचून दाखवा, माझ्या कानाला तरी खडा लागतो. मराठीत मदत कुणा'ला' करतात: आम्हाला मदत करा, तिला मदत कर. 'मेरी मदद करो'ची मांडणी तशीच उचलली की 'माझी मदत कर' होतं. वेलांट्या सगळ्या बरोबर, म्हणून चाळीसेक मेसेजमध्ये कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. अर्थात ही रचना आता इतकी कानावर पडते की आणखी वीस वर्षांनी माझाच कान म्हातारा ठरेल.

'मी ठेवेल'चं प्रकरण जास्त अवघड. ऐकू येतं, म्हणजे वेलांटीचा विषय नाही. प्रमाण मराठीत 'मी ठेवीन, मी येईन' आणि 'तो ठेवेल, तो येईल'. प्रथमपुरुषाला 'न', तृतीयपुरुषाला 'ल'. पण 'मी येईल, मी करेल' म्हणणारे आज पुण्यात कुठल्याही ऑफिसात भेटतील, आणि त्यातल्या पुष्कळांच्या घरी तसंच बोलतात. त्यांनी नियम मोडलेला नाही, त्यांच्या घरचा नियमच वेगळा आहे. पुस्तकाचं मुद्रित असेल तर मी 'येईल'चं 'येईन' करतो, कारण तिथे प्रमाणभाषा पाळायची असा करार असतो. त्या तरुणाशी माझा असा काही करार नव्हता.

दोन्ही प्रांतांच्या हद्दीवर काही घरं आहेत. 'घरा समोर', 'माझ्या कडे', 'त्या मुळे' असं तोडून लिहिलेलं हल्ली सर्रास दिसतं. कानाला काहीच कळत नाही, म्हणून चूक लेखनाची. पण 'समोर' जोडून का लिहायचं, हे सांगायला शब्दयोगी अव्यय आणि सामान्यरूप यांच्याकडेच जावं लागतं. 'घरा' हा सुटा उभा राहणारा शब्दच नाही, तो पुढच्याचा हात धरायला तयार झालेला 'घर' आहे.

सामान्यरूपाचीच दुसरी गंमत आडनावांत. पेठेतले जुने लोक 'गोखल्यांकडे' जातात, त्यांची नातवंडं 'गोखलेंकडे'. हे अस्सल व्याकरण, उघड ऐकू येणारं, आणि डोळ्यांदेखत बदलणारं. गावांची नावं जरा चिवट निघाली. 'पुण्याला' जाणारा 'पुणेला' जात नाही, पण 'पुणे मध्ये' अशी पाटी मी पाहिली आहे.

मी स्वतः 'फुल्यांच्या' लिहितो. जोतीराव फुल्यांच्या भाषेची विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त यथेच्छ टिंगल केली होती. मासिक १८७४ साली सुरू झालं, दोघेही पुण्याचेच. भाषेवर बोट ठेवलं की मजकुराला उत्तर देण्याची निकड जरा कमी होते, ही सोय तेव्हाही होती. आमच्याकडे मजकूर एवढाच होता की टाकी भरा.

चूक दाखवायचीच तर निदान तिचं नाव बरोबर घ्यावं. 'मामा, पाणीची दुसरी वेलांटी' एवढं त्यांना एकट्याला लिहिलं असतं तर ते 'बरं' म्हणाले असते. मी तसं लिहिलं नाही, कारण मी कपाटातून नियमांची पुस्तिका काढून तरुणाच्या 'ठेवेल'वरची भांडणं वाचत बसलो होतो.

गुरुवारी बी विंगची टाकी सकाळी अकरालाच कोरडी पडली. ग्रुपवर आरडाओरडा झाल्यावर टँकरवाल्याचा नंबर मामांनीच टाकला. दहा आकडे. मागे-पुढे एक अक्षर नव्हतं.