ॲनिमे आणि अमेरिकन ॲनिमेशन: फरक डोळ्यांच्या साइजमध्ये नाहीये

"ॲनिमे म्हणजे मोठ्या डोळ्यांची जपानी कार्टून्सच ना?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. आणि याच्या बरोब्बर उलट बोलणारेही भेटतात, त्यांच्या मते जपानी ते सगळं आर्ट आणि डिस्ने-पिक्सार म्हणजे पोरांना दोन तास गप्प बसवायची सोय. मला दोन्ही पटत नाही. काहीतरी मोठं करून दाखवायची भूक दोन्हीकडे आहे, पण ती खर्च कुठे होते ते वेगळं आहे. अमेरिकन फिल्ममध्ये ती पात्राच्या अभिनयात आणि गोष्टीच्या बांधणीत जाते, जपानी फिल्ममध्ये बऱ्याचदा जागेत, हवेत आणि थांबण्यात जाते.

मोठ्या डोळ्यांचं आधी मिटवू. ओसामू तेझुका या जपानी चित्रकाराने ते डोळे घेतले डिस्ने आणि बेटी बूप या जुन्या अमेरिकन कार्टूनमधल्या बाईकडून, म्हणजे ज्यावरून आपण जपानी ओळखतो तीच खूण अमेरिकेतून गेलेली आहे. तेझुका डिस्नेच्या 'बॅम्बी' या हरणाच्या पिल्लाच्या फिल्मचा इतका भक्त होता की त्याने त्याचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिकही काढला. त्यामुळे चेहऱ्यावरून फरक करायला गेलं की हमखास फसायला होतं.

आता 'माय नेबर टोटोरो' (१९८८) मधला बसस्टॉप आठवा. पाऊस पडतोय, सात्सुकी बाबांची वाट बघत उभी आहे, पाठीवर धाकटी मेई झोपलीये, आणि शेजारी तो अवाढव्य टोटोरो डोक्यावर पान ठेवून येऊन उभा राहतो. ती त्याला बाबांची छत्री देते. छत्रीवर थेंब पडल्याचा आवाज ऐकून तो खूश होतो, एवढंच. गोष्ट पुढे ढकलणारं त्यात जवळपास काहीच नाही, तरी तो सीन घाईघाईत उरकलेला नाही, थेंबांना, अंधाराला, रस्त्यावरून चाललेल्या बेडकाला पण वेळ दिलाय. 'टोटोरो'चा दिग्दर्शक हायाओ मियाझाकीने रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाला मुलाखतीत टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या आणि सांगितलं होतं की दोन टाळ्यांच्या मधला जो रिकामा वेळ आहे तो म्हणजे 'मा'. आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवायला लागत नाही, गायक मध्येच थांबतो तेव्हा ती शांतता पण गाण्यातच असते.

याच्या शेजारी पिक्सारचा 'वॉल-ई' (२००८) ठेवा, मुद्दाम सांगतोय कारण त्यातही सुरुवातीचा मोठा भाग जवळजवळ संवादाशिवाय आहे, म्हणजे "अमेरिकन लोकांना शांतता जमत नाही" हे म्हणणं इथेच पडतं. पण नीट बघा, वॉल-ई हा छोटा रोबो सतत काहीतरी करत असतो, कचरा दाबतो, वस्तू गोळा करतो, दचकतो, जुनी फिल्म बघून हात जोडून बघतो. प्रत्येक हालचालीतून आपल्याला त्याचा स्वभाव कळत जातो. आणि मियाझाकीच्याच 'स्पिरिटेड अवे' (२००१) मध्ये चिहिरो पाण्यावरून जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसते तेव्हा ती नुसती बसते. बाहेर पाणी, सावल्यांसारखे प्रवासी, संध्याकाळ. शांतता दोन्हीकडे आहे, पण एकीकडे पात्र ती भरून काढतं आणि दुसरीकडे पात्राला तिच्यात सोडून दिलंय.

हे असं का झालं? थोडं पैशामुळे. डिस्नेने 'स्नो व्हाइट' (१९३७) पासून हालचाल जिवंत वाटावी यासाठी अफाट मेहनत घेतली, 'बॅम्बी'साठी तर स्टुडिओत खरी हरणाची पिल्लं आणून आर्टिस्टना अभ्यास करायला लावला. त्यांची मूळ कसोटी हीच की हे चित्र विचार करतंय असं वाटलं पाहिजे. जपानमध्ये १९६३ ला तेझुकाचा 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर आला, दर आठवड्याला एपिसोड, पैसे कमी, वेळ त्याहून कमी. मग चित्रं कमी काढायची, एकच चित्र धरून ठेवायचं, फक्त ओठ हलवायचे, कॅमेरा चित्रावरून सरकवायचा. नाइलाज होता तो. पण पुढच्या दिग्दर्शकांनी त्या नाइलाजातून भाषा बनवली, स्थिर चित्र, रिकामं आकाश, विजेच्या तारा, आणि आज ते आपल्याला मुद्दाम केलेलं वाटतं कारण आता ते खरंच मुद्दाम केलेलं असतं. (याची किंमत तिथले ॲनिमेटर अजून मोजतायत, कमी पगार आणि वाट्टेल तेवढे तास, हे विसरून नुसतं कौतुक करणं मला जमत नाही.)

दुसरा फरक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा, गोष्ट कोणाच्या हातात आहे हा. मियाझाकी स्टोरीबोर्ड, ज्याला तिकडे एकोन्ते म्हणतात, स्वतः काढतो आणि शेवट ठरायच्या आधीच काम सुरू झालेलं असतं. म्हणून त्या फिल्म मध्येच वळतात, काही गोष्टी अर्धवट राहतात, स्वप्नासारखं वाटतं. पिक्सारमध्ये कच्ची फिल्म सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा दाखवतात, ते कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगतात, मग परत तोडायचं परत बांधायचं. 'टॉय स्टोरी २' (१९९९) तर रिलीजच्या जेमतेम नऊ महिने आधी जवळपास नव्याने उभी केली. त्यामुळे पिक्सारच्या गोष्टीत एक स्क्रू सैल सापडत नाही. मला मात्र मियाझाकीचे सैल स्क्रूच जास्त वर्षं लक्षात राहतात, ही माझी आवड झाली, तुमची वेगळी असू शकते.

आणि प्रेक्षक. अमेरिकेत एवढा पैसा लावला की सगळी फॅमिली थिएटरमध्ये यावीच लागते. जपानमध्ये १९८८ ला 'टोटोरो' आणि इसाओ ताकाहाताची 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' जोडीने एकाच वेळी दाखवल्या, एक लहान मुलींची निरागस गोष्ट आणि दुसरी दुसऱ्या महायुद्धात कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यानंतर उपाशी राहिलेल्या भावा-बहिणीची, ज्यात मुलगा मेलाय हे पहिल्याच मिनिटांत कळतं. ताकाहाता स्वतः लहानपणी ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचला होता, ते त्या फिल्मच्या प्रत्येक फ्रेममध्ये जाणवतं.

व्हिलनचं पण असंच. मियाझाकीच्या 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) मधली एबोशी जंगल तोडते, आणि तीच कुष्ठरोग्यांना आणि कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायकांना काम देते, मग तिचा राग करायचा की आदर? पण 'इनसाइड आउट' (२०१५) मध्येही व्हिलन नाहीये, मुलीच्या डोक्यातल्या दुःखाला जागा करून देणं हीच सगळी गोष्ट आहे, आणि ती मला घिबली या मियाझाकी-ताकाहाताच्या स्टुडिओच्या कुठल्याही फिल्मइतकी धाडसी वाटते.

नियम मोडणारेही आहेतच. 'अकिरा' (१९८८) मध्ये आवाज आधी रेकॉर्ड करून ओठ जुळवले आणि दीड लाखाच्या वर सेल (चित्र काढायच्या पारदर्शक शीट) वापरल्या, म्हणजे जपानी असून कमी हालचालीचा काही संबंधच नाही. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी टीव्हीवर 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' (१९९३) बघितलंय, युगो साको आणि आपले राम मोहन यांचं, तेव्हा हे जपानी हातांनी काढलंय हे कुठे माहीत होतं!

मला या सगळ्यात दोन्ही बाजू सगळ्यात जवळ आलेल्या वाटतात त्या दोन ठिकाणी. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मध्ये नवखा माइल्स सुरुवातीला मुद्दाम कमी चित्रांत हलवलाय, शेजारचा सराईत पीटर पूर्ण चित्रांत, त्यामुळे माइल्स अडखळतोय हे डोळ्यांनाच कळतं. आणि ताकाहाताच्या 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३) मध्ये कागुया रागाने घरातून धावत सुटते तेव्हा ते नाजूक वॉटरकलर विस्कटत जातं, कपडे गळून पडतात, झाडं, चेहरा, सगळं कोळशाच्या रागीट रेघा होतं, आणि ती धावतच राहते.