बीटालेन रंगद्रव्ये

बीटचे मूळ, लाल माठ, गुलबक्षी, कोंबडा, मायाळूची पिकलेली फळे आणि बोगनवेलीची पाकळ्यांसारखी दिसणारी छदे यांना रंग देणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या नायट्रोजनयुक्त रंगद्रव्यांना बीटालेन म्हणतात. जास्वंद, जांभूळ व कोकम यांतील ॲन्थोसायनिने दिसायला तशीच असली, तरी त्यांचे रासायनिक घराणे वेगळे आहे. ती फिनिलॲलानीन या ॲमिनो आम्लापासून बनतात, तर बीटालेने टायरोसीन या दुसऱ्या ॲमिनो आम्लापासून. निसर्गात ही दोन्ही रंगद्रव्ये एकाच वनस्पतीत आजवर आढळलेली नाहीत.

टायरोसीनपासून प्रथम डोपा हे संयुग तयार होते. डोपाच्या रेणूतील अणूंचे वलय एका विकरामुळे (एन्झाइममुळे) उघडले, की बीटालॅमिक आम्ल मिळते. त्याचा डोपाचेच रूप असलेल्या सायक्लो-डोपाशी संयोग झाल्यास लाल-जांभळी आणि ॲमिनो आम्लांशी झाल्यास पिवळी बीटालेने बनतात. बीटमधील ‘आर’ जनुक सायक्लो-डोपा बनवणाऱ्या विकराचे आहे, हे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. ते निकामी असल्यास बीट पिवळे निघते. ‘वाय’ हे नियामक जनुक २०१५ मध्ये ओळखले गेले. इतर वनस्पतींत ॲन्थोसायनिनांच्या जनुकांवर देखरेख ठेवणाऱ्या जनुकांच्या कुलातले हे जनुक येथे बीटालेनाच्या कामावर लागलेले दिसते; जुना मुकादमच जणू नव्या कारखान्यात रुजू झाला.

बीटालेने सपुष्प वनस्पतींपैकी केवळ कॅरिओफायलेलीज या गणात सापडतात. या गणातही कार्नेशनचे कुल ॲन्थोसायनिनेच बनवते, त्यामुळे बीटालेने बनवण्याची क्षमता एकदाच उद्भवून काही कुलांत लोपली, की वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उद्भवली, हा वाद बराच काळ चालला. डोपाचे वलय उघडणाऱ्या विकराच्या जनुकांची वंशावळ पाहता आता दुसऱ्या शक्यतेकडे कल अधिक आहे. जनुकांच्या द्विरावृत्तीतून निर्माण झालेल्या जादा प्रतींनी हे नवे कार्य उचललेले दिसते. शिवाय या गणात टायरोसीन बनवणाऱ्या एका विकराची अशी प्रत आहे, की टायरोसीन साठले तरी तिचे काम फारसे मंदावत नाही. म्हणजे कच्च्या मालाची सोय झाली होती.

जुनी यंत्रणा मात्र मोडीत निघालेली नाही. पालकात ॲन्थोसायनिनांच्या मार्गातील शेवटच्या टप्प्यांची जनुके शाबूत आहेत, पण ती मुख्यतः बियांतच कार्य करतात. पाने, खोड व फुले यांच्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही.