यकृताचे कालखंड

दारू सोडून सहा-सात आठवडे झालेल्या एखाद्याच्या हातात रक्ततपासणीचा अहवाल पडतो, एसजीओटी आणि एसजीपीटी या यकृतपेशींतल्या विकरांचे (एन्झाइमांचे) आकडे कक्षेत आलेले दिसतात आणि लिव्हर बरे झाले असा त्याचा समज होतो. दुसऱ्या एखाद्याने तीन महिने थेंबालाही स्पर्श केलेला नसतो, तरीही पोटात पुन्हा पाणी साठते आणि ‘सोडून तरी काय मिळाले’ हा प्रश्न त्याच्या मनात घर करतो. दोघांचाही अंदाज चुकतो, कारण बरे होणे ही एकच घटना आहे असे दोघेही धरून चालतात. यकृतातील चरबी, सूज आणि व्रण (म्हणजे जखम भरताना उरणारा वण) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या ओसरण्याचे वेग वेगळे आहेत, आणि स्नायू, मेंदू व सवय यांना सावरायला लागणारा वेळ त्याहूनही वेगळा आहे. अमरकोशात यकृताला ‘कालखण्ड’ असा एक प्रतिशब्द दिलेला आहे. तिथे ‘काल’ म्हणजे काळा आणि ‘खण्ड’ म्हणजे तुकडा, वेळेशी त्याचा काही संबंध नाही; पण आज मराठी वाचकाला त्या शब्दात जे ऐकू येते, ते या आजाराला चपखल लागू पडते.

सुमारे दीड किलो वजनाच्या या अवयवातून दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल शिरेवाटे येते. त्यामुळे पोटात गेलेल्या मद्याची पहिली गाठ यकृताशीच पडते. तिथे एक विकर अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते आणि दुसरे विकर त्या ॲसिटाल्डिहाइडचे निरुपद्रवी ॲसिटेट करते. ॲसिटाल्डिहाइड मात्र निरुपद्रवी नाही. ते प्रथिनांना आणि डीएनएला चिकटून त्यांची रचना बिघडवते. हे काम तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल एवढ्याच वेगाने चालते आणि कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा व्यायाम यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. रोज पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी२ई१ नावाचे आणखी एक विकर वाढीस लागते. ‘मला आता चढत नाही’ या फुशारकीमागे मेंदूने करून घेतलेली सवय असते, तसा या वाढीव विकराचाही वाटा असतो. पण त्याच्या कामातून पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची आक्रमक रूपे बाहेर पडतात. हेच विकर पॅरासिटामॉलचे रूपांतर विषारी पदार्थात करते, म्हणून यकृताला इजा झालेल्या व्यक्तीला दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये असे सांगतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा धोका वेगळा असतो. सिरोसिसमध्ये, म्हणजे व्रणांनी यकृत गाठाळ झाल्यावर, ती मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि रक्तस्रावाला निमंत्रण देतात.

सर्वांत आधी येते ती चरबी आणि सर्वांत आधी जाते तीही चरबीच. अल्कोहोल पचवताना पेशीतील एनएडी या रेणूचा साठा एवढा गुंतून पडतो की मेदाम्ले जाळण्याचे काम मागे पडते आणि न जळलेली चरबी पेशीतच साचते. सातत्याने भरपूर पिणाऱ्या बहुतेक सर्वांच्या, म्हणजे १०० पैकी सुमारे ९० जणांच्या यकृतात ती सापडते. त्या सर्वांना पुढे सिरोसिस होतो असे नाही. साधारण १० ते २० जणांना होतो. तो कोणाला होणार यात किती वर्षे आणि किती प्यायली याला महत्त्व आहेच, पण पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार, लठ्ठपणा, मधुमेह आणि हेपॅटायटिस बी किंवा सी यांची जोड यांनीही पारडे फिरते. स्त्रियांना कमी प्रमाणात आणि कमी वर्षांत इजा होते. त्यामुळे ‘माझ्याइतकीच पिणाऱ्या मित्राला काहीच झाले नाही’ ही तक्रार खरी असू शकते, फक्त तिचा स्वतःच्या यकृताबाबत निर्णय घ्यायला काही उपयोग नाही. दारू पूर्ण थांबली की ही चरबी बहुधा दोन ते सहा आठवड्यांत ओसरते. सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या रुग्णाच्या अहवालात जी सुधारणा दिसली, तिच्यात या चरबीच्या ओसरण्याचा मोठा भाग असतो.

सूज इतकी आज्ञाधारक नसते. मद्यामुळे आतड्याचे अस्तर झिरपू लागते, जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे पोर्टल शिरेतून यकृतात पोहोचतात आणि तिथल्या भक्षक पेशी सतत युद्धसज्ज राहतात. ही सूज एकाएकी भडकते तेव्हा तिला अल्कोहोलिक हेपॅटायटिस म्हणतात: कावीळ वेगाने वाढते, भूक मरते, ताप येतो, यकृत मोठे होऊन दुखते. कित्येकदा आजारी वाटू लागल्यामुळे रुग्णाने दारू आधीच थांबवलेली असते आणि कावीळ त्यानंतर चढते, त्यामुळे सोडल्यामुळेच आजार वाढला असा उलटा अर्थ घरात लावला जातो. तीव्र स्वरूपात हा आजार काही आठवड्यांत जीव घेऊ शकतो. निवडक रुग्णांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि सातव्या दिवशी रक्ताच्या आकड्यांवरून ते लागू पडते आहे का हे ठरवून, पडत नसल्यास बंद करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत या औषधाचा तीन महिन्यांनंतर जगण्याच्या शक्यतेवर काहीही फायदा दिसला नाही. या टप्प्यातून जो वाचतो, त्याचे पुढचे आयुष्य मुख्यतः तो पुन्हा पितो की नाही यावर ठरते, आणि सूज पूर्ण निवायला तरीही महिने लागतात.

आता व्रणाकडे वळू, कारण लोकांच्या मनातला गोंधळ इथेच सर्वांत दाट आहे. यकृत पुन्हा वाढते हे आपण ऐकलेले असते आणि ते खरेही आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला, तेव्हा उरलेल्या भागाने काही दिवसांतच पूर्वीचे आकारमान गाठले. पण तो उरलेला भाग निरोगी होता. रोजच्या इजेत पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी येण्याआधीच दुसरी इजा होते, तेव्हा यकृत डागडुजीचा दुसरा मार्ग धरते. यकृतपेशी आणि रक्तवाहिन्या यांच्यामधल्या अरुंद जागेत तारकापेशी असतात. एरवी त्या अ जीवनसत्त्व साठवून शांत बसलेल्या असतात; सूज दीर्घकाळ राहिली की त्या साठा सोडतात, रूप बदलतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. त्वचेवरची जखम भरताना जे घडते तेच इथे घडते, फक्त इथे जखम मिटण्याची संधीच दिली जात नाही. धाग्यांच्या भिंतींमध्ये यकृतपेशींच्या गाठी अडकल्या, रक्ताच्या वाटा वाकड्या झाल्या की त्या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. हे नाव १८१९ साली स्टेथोस्कोपचा जनक रेने लेनेक याने पिवळसर-तपकिरी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिले. रंगावरून ठेवलेल्या त्या नावातून या भिंतींबद्दल काहीच कळत नाही.

हा व्रण कायमचा असतो असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत आले आणि कित्येक रुग्णांना अजूनही तेच सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. इजा थांबली की तारकापेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा झोपी जातात, आणि कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना वाव मिळतो. कोवळा व्रण बऱ्याच अंशी विरघळू शकतो. जुना, जाड आणि धागे एकमेकांत पक्के गुंतलेला व्रण मात्र हट्टी असतो, आणि तो मागे सरला तरी ते वर्षांच्या हिशोबाने. म्हणून सिरोसिसच्या रुग्णाला ‘यकृत पूर्ववत होईल’ असे आश्वासन देणे मला अप्रामाणिक वाटते, आणि ‘आता काही होऊ शकत नाही’ असे सांगणे त्याहून अप्रामाणिक.

या मधल्या अवस्थेचे मोजमाप करणे सोपे नाही. एसजीओटी आणि एसजीपीटी ही नुकत्याच फुटलेल्या पेशींची खबर आहे. फार थोड्या पेशी उरलेल्या सिरोसिसमध्ये हे आकडे सामान्यही असू शकतात. यकृत काम किती करते हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर यांवरून कळते, तर प्लीहा मोठी झाल्यामुळे कमी झालेल्या प्लेटलेट ही पोर्टल शिरेतील दाब वाढल्याची पहिली कुणकुण असू शकते. फायब्रोस्कॅनने यकृताचा कडकपणा मोजतात, पण सुजेनेही कडकपणा वाढतो. दारू थांबवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो आकडा भराभर उतरतो तो सूज उतरल्यामुळे, व्रण विरघळल्यामुळे नव्हे.

दारू सोडण्याच्या पहिल्या दिवसांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने देखरेखीविना एकाएकी दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. अल्कोहोल मेंदूला वर्षानुवर्षे दाबून ठेवते आणि मेंदू त्याविरुद्ध जोर लावून तोल राखतो. दाब अचानक निघाला की तो जोर तेवढा उरतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम, घाम, वाढलेला रक्तदाब अशी डेलिरियम ट्रेमेन्सची अवस्था येऊ शकते. रुग्णालयात यावर लोराझेपामसारखी, इजा झालेल्या यकृतालाही झेपणारी औषधे देतात, आणि थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व भरून काढतात, कारण त्याच्या अभावी स्मृतीला कायमची इजा होते. पुढे ओढ कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत डायसल्फिराम या रुग्णांना टाळलेले बरे, कारण ते स्वतःच यकृताला घातक ठरू शकते. बॅक्लोफेनची सिरोसिसच्या रुग्णांवर २००७ साली इटलीत चाचणी झाली आणि दारूपासून दूर राहण्यास त्याची मदत दिसली, मात्र यकृताच्या आजारामुळे ज्यांच्या मेंदूवर गुंगी येते त्यांना ते जपूनच द्यावे लागते. औषधाबरोबर समुपदेशन आणि गटाचा आधार लागतोच. यकृताचा डॉक्टर आणि व्यसनमुक्तीचा डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलायला हवे ही साधी अपेक्षाही अनेकदा अपुरी राहते.

आहाराबाबत जुन्या समजुतींनी खूप नुकसान केले आहे. ‘लिव्हरला विश्रांती’ म्हणून उपास करणारे आणि प्रथिने बंद करणारे रुग्ण अजून भेटतात. निरोगी यकृत रात्रीच्या उपासासाठी ग्लायकोजेनची, म्हणजे साठवलेल्या साखरेची, शिदोरी राखून ठेवते. सिरोसिस झालेल्या यकृताकडे ती नसते. त्यामुळे एका रात्रीच्या उपासात अशा शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर होते, आणि साखर तयार करण्यासाठी शरीर स्नायू मोडायला घेते. स्नायू झिजणे हे केवळ अशक्तपणाचे लक्षण नाही. यकृत कमी पडते तेव्हा रक्तातला अमोनिया निकामी करण्याचा बराच भार स्नायूच उचलतात, म्हणजे ते गेले की मेंदूवरची गुंगीही वाढते. म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, दिवसभरात थोडे थोडे खाणे आणि झोपण्यापूर्वी पिष्टमय पदार्थ व प्रथिने असलेला एक लहानसा आहार असा सल्ला आज दिला जातो. पोटात पाणी असेल तर मीठ कमी करावे लागते, पण बेचव जेवणामुळे रुग्ण खाणेच कमी करत असेल तर तो व्यवहार तोट्याचा ठरतो.

पोटात पाणी होणे, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटणे, गुंगी किंवा कावीळ यांपैकी काही घडले की सिरोसिसचा तोल गेला असे म्हणतात. पूर्वी हा उतार एकाच दिशेचा मानला जाई. १९६८ साली पॉवेल आणि क्लॅट्स्किन यांनी सिरोसिसच्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा दारू सोडलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, पीत राहिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. आता तोल परत येण्यालाही व्याख्या मिळाली आहे: मूळ कारण दूर झालेले असावे, लघवीच्या गोळ्यांशिवाय पोटात पाणी नसावे, औषधाविना गुंगी नसावी, बारा महिने शिरांतून रक्तस्राव नसावा आणि रक्ताचे आकडे टिकून सुधारलेले असावेत. तीन महिन्यांनी निराश झालेल्या त्या दुसऱ्या रुग्णाला हे बारा महिने कोणी सांगितलेले नसतात. सुधारणा दिसायची झाली तर ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत सुरू होते, आणि तोपर्यंत पाणी काढणे, गोळ्या, फुगलेल्या शिरांना रबरी बंद बांधणे हे सगळे वेळ विकत घेण्याचे उपाय असतात.

काहींचे यकृत तेवढा वेळ देत नाही. त्यांच्यासाठी प्रत्यारोपणाचा पर्याय असतो आणि त्याआधी सहा महिने दारू बंद असावी असा नियम अनेक केंद्रांनी वर्षानुवर्षे पाळला. त्यामागे एक रास्त कारण होते, ते म्हणजे तेवढ्या अवधीत काहींचे यकृत सावरते आणि शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. पण पुन्हा न पिण्याची हमी म्हणून सहा महिने हा आकडा फारसा भरवशाचा नाही. २०११ साली फ्रान्स आणि बेल्जियममधील संशोधकांनी, औषधाला दाद न देणाऱ्या तीव्र अल्कोहोलिक हेपॅटायटिसच्या काटेकोरपणे निवडलेल्या रुग्णांवर ही वाट न पाहता प्रत्यारोपण केले. सहा महिन्यांनी त्यांतले ७७ टक्के जिवंत होते, तर तशाच पण प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांतले केवळ २३ टक्के.

पुन्हा एखादा पेला घेतला गेला तर मागची सगळी कमाई धुऊन गेली असे यकृताच्या बाबतीत घडत नाही. खरे नुकसान तो लपवण्यातून होते, कारण मग औषधांची आणि तपासण्यांची सगळी आखणी चुकीच्या माहितीवर होते. पीईटीएच ही रक्तचाचणी मागच्या दोन ते चार आठवड्यांतले मद्यपान दाखवते. ती पोलिसी नजरेने न वापरता, मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर पाहतात तशी वापरली, तर रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला संवाद टिकतो. तोल परत आला, वर्षे उलटली, तरी सिरोसिस झालेल्या यकृतात कर्करोगाचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, म्हणून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच ठेवावी लागते.