बॅच फाइलमधली तारीख कापावी कुठे?

रोज रात्री एखाद्या फोल्डरची प्रत काढायची आणि तिच्या नावात त्या दिवसाची तारीख घालायची, एवढ्या कामाला विंडोजमध्ये अजूनही चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आदेशांची साधी मजकूर फाइल, पुरते. तारीख मिळते 'डेट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे आदेशांना नावाने वापरता येणाऱ्या माहितीच्या एका कप्प्यातून. हा शब्द दोन टक्केचिन्हांच्या मध्ये लिहिला, की त्याच्या जागी आजची तारीख येते.

गंमत अशी, की ही तारीख कुठे साठवलेली नसतेच. 'सेट' आदेशाने सगळे व्हेरिएबल पाहिले तर 'पाथ' दिसतो, 'टेम्प' दिसतो, 'डेट' नाही. नाव समोर आलं की कमांड प्रोसेसर, म्हणजे हे आदेश चालवणारा प्रोग्रॅम, घड्याळ बघून उत्तर देतो. मात्र कुणी त्याच नावात हाताने काही भरलं, तर त्या खिडकीपुरतं घड्याळ झाकलं जातं आणि भरलेलंच परत मिळत राहतं.

खरी मेख तारखेच्या मांडणीत आहे. ती वापरणाऱ्याच्या रीजन सेटिंगप्रमाणे येते. ४ मार्च २०२५ ही तारीख एका संगणकावर '०४-०३-२०२५' अशी, तर अमेरिकी मांडणीत आधी वाराची तीन अक्षरं, मग '०३/०४/२०२५' अशी. बॅच फाइल मजकूर कापते ती जागा मोजून. सहा जागा सोडून पुढच्या चार घ्या म्हटलं, तर पहिल्या संगणकावर '२०२५' मिळतं, दुसऱ्यावर '/०४/'. तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही, म्हणून काम अडतं. अडलं तर बरंच म्हणायचं! दिवस आणि महिना गुपचूप अदलाबदल झाले, तर महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना कुणाला पत्ताही लागत नाही.

वेळेचीही एक खोड आहे: सकाळी दहाच्या आधी तासाच्या जागी शून्याऐवजी बऱ्याचदा मोकळी जागा येते, आणि फाइलचं नाव मधेच तुटतं.

म्हणून मी 'डेट' कापत बसत नाही. 'फॉर' आदेशातून पॉवरशेलला, म्हणजे विंडोजच्याच दुसऱ्या, नव्या आदेश-प्रोग्रॅमला, तारीख विचारतो आणि मांडणी आपणच ठरवतो: वर्ष, महिना, दिवस. तिथे मोठा 'एम' म्हणजे महिना, लहान 'एम' म्हणजे मिनिटं, एवढं सांभाळायचं. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमही हाच. नावांची अक्षरवार यादी लावली, की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

आणि ही तारीख फाइलच्या सुरुवातीलाच, एकदाच, स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. दर वेळी नव्याने विचारली, तर ११:५९ला सुरू झालेल्या कामाच्या अर्ध्या फाइली दुसऱ्या दिवसाच्या नावावर जातात.