रात्रीच्या आकाशाची फोटोग्राफी : सातपुड्यापासून कच्छच्या रणापर्यंत कुठे कोणती परवानगी लागते

सातपुड्यावर आकाशगंगा टिपायची आणि तीच गाडी पुढे कच्छच्या मिठाच्या रणात न्यायची, हा बेत खानदेशातून सहज जमण्यासारखा आहे. धुळ्याहून साक्रीमार्गे नवापूर गाठलं की पुढे गुजरातच. अडचण येते ती रस्त्याची नव्हे, वेळेची. वनखातं असो, पुरातत्त्व खातं असो की सीमेजवळचं पोलीस ठाणं, सगळ्यांचे नियम दिवस गृहीत धरून केलेले असतात. सूर्योदयाला गेट उघडतं, सूर्यास्ताला बंद होतं आणि आपलं काम सुरू होतं त्यानंतर. त्यामुळे प्रवेशाची पावती हातात असली तरी रात्री तिचा उपयोग नसतो. अर्जात रात्र स्पष्ट मागावी लागते, तारखेसह आणि तासांसह. बहुतेक अर्ज इथेच अडतात. 'फोटोग्राफीसाठी परवानगी मिळावी' एवढंच लिहिलेलं असतं, परवानगी मिळतेही, पण दिवसाची.

आधी तारीख ठरवा, मग अर्ज लिहा

तारीख कॅलेंडरमधल्या सुट्ट्या बघून नव्हे, पंचांग बघून ठरवायची. अमावास्येच्या अलीकडचे चार आणि पलीकडचे दोन-तीन दिवस कामाचे. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे धनु-वृश्चिक राशींकडचा मध्य, आपल्याकडे फेब्रुवारीच्या पहाटेपासून दिसू लागतो. मे महिन्यात तो रात्रीचा बराच वेळ आकाशात असतो, पण तेव्हा खानदेशात पारा ४५ अंशांकडे गेलेला असतो आणि तापलेल्या सेन्सरमुळे फोटोत दाणे येतात. जूननंतर ढग. इकडे कच्छचं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं आणि दिवाळीनंतर हळूहळू कोरडं होतं.

हे सगळं जुळवलं तर दोन्ही ठिकाणांसाठी सोयीची वेळ निघते ती गुढीपाडव्याच्या आधीची, फाल्गुन अमावास्येच्या आसपासची. त्या दिवसांत खानदेशातून आकाशगंगेचा मध्य साधारण रात्री अडीचनंतर नीट वर आलेला असतो, कच्छमध्ये तीननंतर. उजेड फुटायच्या आत अडीच-तीन तास मिळतात. अर्जात हेच तास लिहा : 'रात्री २ ते पहाटे ६'. आपल्याला नक्की काय हवंय हे अधिकाऱ्याला कळतं आणि अख्खी रात्र मागणाऱ्यापेक्षा चार तास मागणाऱ्याला होकार देणं त्यालाही सोपं जातं.

कागद मात्र दीड-दोन महिने आधी हलायला हवेत.

अभयारण्य : कलम २८ ची परवानगी

खानदेशातला गडद अंधार शोधायला निघालं की पावलं अभयारण्याकडेच वळतात. जळगाव जिल्ह्यात पालच्या परिसरातलं यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगररांगेत पसरलेलं गौताळा-औट्रमघाट. या गौताळ्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख याच पाटण्याचा. 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणाऱ्या ज्योतिर्विदाचं नाव जिथल्या दगडावर कोरलं आहे, तिथलं आकाश टिपण्याची इच्छा खानदेशातल्या प्रत्येक छायाचित्रकाराला व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र ती इच्छा पूर्ण करायची तर नियमाच्या वाटेनेच.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात कोणालाही मोकळा प्रवेश नाही. कलम २८ मध्ये परवानगी कोणत्या कारणांसाठी देता येते ते दिलं आहे आणि त्यात छायाचित्रण स्पष्टपणे आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली : अधिवासात कोणताही बदल होता कामा नये, वन्यजीवांवर वाईट परिणाम होता कामा नये. अर्जाचा कणा हाच. परवानगीचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा असतो. व्यवहारात अर्ज सुरू होतो तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या, म्हणजे आरएफओच्या कार्यालयातून. आधी तिथे प्रत्यक्ष जा. अर्ज कोणाच्या नावे करायचा, रात्रीची मागणी कुठल्या पातळीवर मंजूर होते आणि वनविश्रामगृहाच्या आवारातून काम भागेल का, हे तिथेच विचारा. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विश्रामगृहाचं रीतसर आरक्षण असेल आणि आवारातूनच फोटो काढायचे असतील, तर जंगलात रात्री फिरण्याच्या परवानगीचा प्रश्नच बराचसा मिटतो.

पात्रतेचा फार बाऊ नाही. हौशी छायाचित्रकारही अर्ज करू शकतो, संस्थेचं पत्र असलंच पाहिजे असं नाही. मात्र जाहिरात, मालिका किंवा चित्रपटासाठी युनिट घेऊन जाणार असाल तर तो वेगळा प्रकार आहे. राज्यात त्यासाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी व्यवस्था आहे. शुल्क वेगळं, अटी वेगळ्या. हौशी म्हणून परवानगी घ्यायची आणि फोटो जाहिरातीला विकायचे, असं करू नका. त्याचा त्रास पुढच्या अर्जदारांना होतो.

अर्जाचा मसुदा साधारण असा ठेवा :

विषय : रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, मी खाली सही करणार, राहणार (गाव, तालुका, जिल्हा), अव्यावसायिक छायाचित्रकार असून दि. ___ ते दि. ___ या कालावधीत रात्री २.०० ते पहाटे ६.०० या वेळेत (ठिकाणाचे नेमके नाव) येथून आकाशाचे छायाचित्रण करू इच्छितो. सोबत ___ व्यक्ती व एक वाहन (क्रमांक ___) राहील. फ्लॅश, सर्चलाइट, ड्रोन, ध्वनिक्षेपक यांचा वापर केला जाणार नाही. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून २० ते २५ सेकंदांची छायाचित्रे घेतली जातील. विस्तव पेटवला जाणार नाही. आपण नेमून दिलेला वनरक्षक किंवा स्थानिक वाटाड्या सोबत ठेवण्यास व त्याचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.

ही शेवटची दोन वाक्यं वगळू नका. रात्री उजेड मारत फिरणारी माणसं म्हणजे शिकारी, ही शंका वनकर्मचाऱ्याला येणारच आणि यायलाच हवी. आकाशाचा फोटो उजेड न पाडता, उलट अंधार राखून काढतात, हे बऱ्याच कार्यालयांत नव्याने सांगावं लागतं. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. आपल्याच राज्याच्या वनखात्याचं हे काम आहे, त्याचा उल्लेख अर्जात एका ओळीत जरूर करा.

सोबत जोडायचे कागद : सर्वांच्या आधार किंवा मतदार ओळखपत्राच्या स्वसाक्षांकित प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो, गाडीच्या आरसीची प्रत, कॅमेरा आणि लेन्सची अनुक्रमांकांसह यादी आणि ठिकाण खूण करून दाखवलेला नकाशा. अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. पुढे चौकशी करताना 'महिन्यापूर्वी अर्ज दिला होता' असं सांगून उपयोग होत नाही, आवक क्रमांक सांगितला की फाइल सापडते.

तोरणमाळ आणि अभयारण्याबाहेरचं जंगल

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, सुमारे ११५० मीटर उंचीवर. खाली शहाद्याकडच्या सपाटीवर धूळ आणि दिव्यांचा झगमगाट असतो, वर आलं की आकाश धुतल्यासारखं दिसतं. यशवंत तलावाचं पाणी स्थिर असलं तर त्यात ताऱ्यांचं प्रतिबिंबही मिळतं. इथे अभयारण्याचा नियम नसला तरी राखीव वनाला भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू आहे : विनापरवाना घुसखोरी आणि आग लावणं हे गुन्हे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतात आणि आपली फाल्गुन अमावास्या नेमकी त्यात येते. शेकोटी, स्टोव्ह, विडी-सिगारेट यातलं काहीही जंगलात नको. मुक्काम अधिकृत निवासातच करा, तळ्याकाठी किंवा सीताखाईच्या बाजूला तंबू ठोकायचा तर स्थानिक वन कार्यालयाला विचारूनच.

सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या अंधाऱ्या रात्री यात्रेकरू चढतात. ती श्रद्धेची वाट आहे. तिथे जायचं तर भाविकांच्या तोंडावर कॅमेरा रोखू नका आणि माणसांचे फोटो विचारून काढा. अक्राणी-अक्कलकुवा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, ग्रामसभेच्या शब्दाला इथे वजन आहे. पाड्याच्या जवळ थांबणार असाल तर सरपंच आणि पोलीस पाटील यांना आदल्या संध्याकाळी भेटलंच पाहिजे.

हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, तरीही मी ते कागदपत्रांइतकंच आवश्यक मानतो. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांचा जीव गेला. अनोळखी गाडी, अनोळखी माणसं आणि मध्यरात्र या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गावाला भीती वाटणं स्वाभाविक आहे. तिथल्या पोलीस ठाण्यात नावं, मोबाइल क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि ठिकाण लिहिलेलं साधं माहितीपत्र द्या, त्याची पोच घ्या आणि एक प्रत गाडीत ठेवा.

किल्ले आणि लेणी

लळिंगसारखा किल्ला किंवा पाटण्याचं प्राचीन महादेव मंदिर रात्री चौकटीत घ्यायचं मनात येईल. संरक्षित स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुली असतात. केंद्रीय स्मारकात हातातल्या कॅमेऱ्याने दिवसा फोटो काढायला सहसा अडवत नाहीत, पण तिपाई आली की पूर्वपरवानगीचा विषय निघतो आणि रात्रीची परवानगी हौशी माणसाला मिळणं अवघड. माझा सल्ला, त्यात वेळ घालवू नका. लळिंग पायथ्याजवळून, स्मारकाच्या हद्दीबाहेरून चांगला दिसतो.

सगळ्यात सोपी परवानगी : शेतमालकाची

याकडे फार कमी लोक वळतात. अभयारण्याच्या सीमेला लागून खासगी शेतं आहेत आणि तिथे शेतमालकाचा होकार पुरेसा असतो. खानदेशात हिवाळ्यात शेतात भरीत-भाकरीचे बेत होतात, रात्रीच्या विजेच्या पाळीला पाणी भरायला माणसं जागी असतात, त्यामुळे रात्री शेतात थांबणं कोणाला नवलाचं वाटत नाही. होकार मोबाइलवर संदेशाच्या रूपात घेऊन ठेवा. एवढंच विचारा की बिबट्याचा वावर आहे का, विहीर कुठे आहे आणि कुंपणात वीज सोडलेली आहे का. केळीच्या बागेत अंधारात शिरू नका.

कच्छ : रणाचा परवाना

धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, कारण हा भाग आंतरराष्ट्रीय सीमेजवळ आहे. तो ऑनलाइन काढता येतो आणि भुजहून जाताना भिरंडियारा इथेही मिळतो. ओळखपत्राची मूळ प्रत दाखवावी लागते आणि झेरॉक्स द्यावी लागते. माणशी आणि वाहनामागे शुल्क असतं. गर्दीच्या दिवसांत ऑनलाइनच काढा.

पण हा परवाना भेटीचा आहे, रात्रभर मिठावर तिपाई लावून बसण्याचा नाही. पुढे खावड्याजवळच्या इंडिया ब्रिजपलीकडे सीमा सुरक्षा दलाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि त्या पुलाचे फोटो काढायला मनाई आहे. सीमेच्या बाजूला लेझर दाखवणं किंवा जोरदार बॅटऱ्या फिरवणं पूर्ण टाळा.

म्हणून रात्रीच्या फोटोसाठी मी खडीर बेटाकडे, धोलावीराकडे जा असं सांगेन. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेलं हे हडप्पाकालीन नगर. उत्खननाची जागा रात्री बंद असते, पण तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठाचं रण पसरलेलं आहे. गावातल्या निवासात मुक्काम करा, मालकाला आणि पोलीस चौकीला वेळ सांगा आणि गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावून काम करा. मिठाच्या कवचाखाली चिखल असतो, गाडी आत उतरवायची नाही.

सोबत परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती लागतात आणि तो जिथे मुक्काम करेल त्या निवासाच्या मालकाला त्याची माहिती सरकारला विहित नमुन्यात कळवावी लागते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलेल्या नातेवाइकांनीही सीमाभागाचे नियम आधी तपासावेत.

ड्रोन

आकाशाच्या फोटोला ड्रोन लागत नाही, पण दिवसाच्या भूदृश्यासाठी अनेक जण नेतात. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि दोन किलोपर्यंतच्या ड्रोनच्या बिगरव्यावसायिक वापराला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. ड्रोनचा नोंदणी क्रमांक मात्र हवा. ड्रोनच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात कमाल उंची ४०० फूट. जळगावला विमानतळ आहे, भुसावळ-वरणगावला आयुध निर्माण्या आहेत, त्यामुळे उडवण्यापूर्वी ती जागा त्या नकाशावर बघणं अनिवार्य. अभयारण्यात वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते. कच्छच्या सीमाभागात तर ड्रोन पेटीतून बाहेर काढू नका.

गाडीचे कागद

परवाना, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधल्या प्रती चालतात, पण रणात नेटवर्क नसतं, म्हणून छापील संच जवळ हवा. पिवळ्या पाटीची टॅक्सी नेणार असाल तर तिचा अखिल भारतीय पर्यटक परवाना बघून घ्या. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली तर ते बेकायदा ठरतं आणि अपघातात विमाही अडतो. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, नवापूर ओलांडताना गाडीत बाटली असेल तर सगळा प्रवास तिथेच संपेल.

परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. पुष्कळदा आक्षेप ठिकाणावर असतो, कामावर नसतो. मग विश्रामगृहाचं आवार किंवा सीमेबाहेरचं शेत असं दुसरं ठिकाण सुचवून पुढच्या अमावास्येसाठी सुधारित अर्ज त्याच फाइलमध्ये जोडायला सांगा, आधीचा आवक क्रमांक वर लिहून. आणि मिळाली, तर परतल्यावर निवडक फोटोंच्या प्रती आरएफओ कार्यालयात देऊन या. पुढच्या छायाचित्रकाराचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा त्या साहेबांना हे काम काय असतं ते माहीत असेल.