सुकलेली जखम आणि भरलेली जखम

जखम बरी झाली हे सांगायला मराठीत दोन क्रियापदं आहेत. जखम ‘सुकली’ म्हणा किंवा ‘भरली’ म्हणा, घरात दोन्हींचा अर्थ एकच. ड्रेसिंगच्या खोलीत मात्र तो एक नाही. गेल्या साठेक वर्षांत चिघळलेल्या जखमांच्या उपचारात जे बदललं, त्यातलं बरंचसं पहिला शब्द सोडून दुसरा धरण्याने बदललं.

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीत पायात काडी घुसली, तर दगडी पाला चोळून रस पिळतात, घरी आल्यावर हळद दाबतात आणि ‘उघडी ठेव, हवा लागू दे’ असं सांगतात. धडधाकट माणसाची छोटी जखम तशीही आठ-दहा दिवसांत मिटते आणि श्रेय हळदीला जातं. खरी अडचण आठवडेच्या आठवडे तोंड न मिटणाऱ्या जखमेची. मधुमेहीच्या तळपायाला पडलेली, शिरा फुगून घोट्याच्या वर झालेली, अंथरुणाला खिळलेल्याच्या माकडहाडावरची. ती उघडी ठेवून सुकत नाही, आणि वरून सुकली तरी आतून भरलेली नसते.

हा फरक जुन्यांना माहीत होता. सुश्रुतसंहितेत शुद्ध व्रण आणि दुष्ट व्रण वेगळे सांगितले आहेत आणि व्रणावर साठ उपक्रम दिले आहेत. सडका भाग कापून काढणं, धुणं, धुरी देणं, पट्टी बांधणं, मध आणि तूप लावणं, इतकंच काय, खाण्यापिण्याचं पथ्यही त्यात येतं. मध-तुपाची पट्टी जखम कोरडी पडू देत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्याच ग्रंथात असंही म्हटलंय की कुष्ठी, विषबाधा झालेले, क्षीण झालेले आणि मधुमेही यांचे व्रण मोठ्या कष्टाने बरे होतात. कुष्ठ आणि मधुमेह एकाच ओळीत. (तिथला ‘कुष्ठ’ हा शब्द आजच्या कुष्ठरोगापेक्षा बराच व्यापक आहे, तरीही.) ही ओळ पुढे पुन्हा लागणार आहे.

मधल्या काळात युरोपात जंतूंचा शोध लागला. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक अॅसिडने जंतू मारण्याची पद्धत मांडली आणि शस्त्रक्रियेनंतर सडून मरणारी माणसं वाचू लागली. पण त्यातून एक सवयही लागली: जखमेत जे झोंबतं ते गुणकारी. पहिल्या महायुद्धात एडिनबरोमध्ये ब्लीचिंग पावडर आणि बोरिक पावडरचं ‘युसोल’ तयार झालं. स्वस्त, वॉर्डातच बनवता येणारं. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत त्याचा वास कित्येक पिढ्यांना ओळखीचा झाला. सडका थर सोडवायला ते उपयोगी, यात वाद नाही. वाद आहे तो तांबूस, नवा मांसांकुर दिसायला लागल्यावरही तेच ओतत राहण्याबद्दल. जंतू मारणारं औषध नव्या पेशींनाही सोडत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून ‘काम करतंय’ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

१९६२ मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेत पेशींना खपलीच्या खालून वाट काढत सरकावं लागतं, ओलाव्यात त्या सरळ पुढे जातात. आजची फोम, जेल, हायड्रोकोलॉइड ड्रेसिंग याच कल्पनेतून आली. आपल्याकडे मुंबईच्या शीव रुग्णालयात भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून पाहिलं गेलं. न चिकटणारं, गार आणि चार पैशांत होणारं. मला ते महागड्या फोमइतकंच हुशारीचं वाटतं. अपवाद एकच, पण मोठा: रक्तपुरवठाच तुटून काळं, कोरडं पडलेलं बोट. ते ओलं करायचं नसतं. ते कोरडं ठेवून आधी रक्तवाहिन्या तपासायच्या.

आता ती कुष्ठ-मधुमेहाची ओळ. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले ब्रिटिश सर्जन पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असं तेव्हा सगळेच धरून चालत. ब्रँड यांच्या लक्षात आलं की मांस सडत नाही, वेदना गेलेली असते. खडा टोचतो, चूल भाजते, झोपेत उंदीर कुरतडतात, आणि माणसाला पत्ताच नसतो. पाय प्लास्टरमध्ये घालून तळव्यावरचा दाब वाटून दिला की वर्षांच्या जखमा भरत. ही युक्ती श्रीलंकेत १९३० च्या दशकातच वापरली गेली होती. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि मधुमेहींच्या बधिर पायांनाही तोच हिशेब लागू पडतो, हे तिथे ठळक झालं. मलम बदलत बसण्यापेक्षा त्या जागेवरचा भार काढणं महत्त्वाचं.

शिरांच्या जखमेचं सूत्रही असंच साधं: पायातला रक्तप्रवाह नीट आहे हे पाहून घट्ट पट्टी बांधायची. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीभर उभं राहणाऱ्यांना तिचा कंटाळा येतो, आणि जखम परत उघडते. १९९७ मध्ये अमेरिकेत अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांनी जखमेवर फोम बसवून हवा ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र महाग पडतं म्हणून आपल्याकडचे सर्जन फोम, नळी आणि भिंतीतल्या सक्शनवर तीच जुळणी करतात.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते. रात्रभर पाऊस, चिखल, दगड आणि हजारो अनवाणी पाय. चैत्रात वणीला खानदेशातून येणारेही अनवाणीच. त्यात पंधरा-वीस वर्षं साखर असलेले काका-मावश्या असतात आणि ‘यंदा पायाला काहीच झालं नाही बघा’ असं अभिमानाने सांगतात. तळव्यातला खडा मग आठवड्याने मोजे काढताना घरातल्या कुणाला तरी दिसतो, तोही मोज्यावर डाग पडला म्हणून.